मामाच्या मानाचा चाकू

११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार. नांदेडच्या जुन्या मोंढ्यात शिवप्पाच्या दुकानातून हणमंतराव पोमनाळकरांनी एकशे पंच्याऐंशी रुपयांना एक घडीचा चाकू घेतला आणि पावती मागितली.

शिवप्पाचं दुकान विळे, खुरपी, कोयते, अडकित्ते यांचं. पावती मागणारं गिऱ्हाईक त्याला वर्षाकाठी एखादं भेटत असेल. त्याने वहीचं पान फाडलं, त्यावर आकडा लिहिला आणि सही केली.

"साहेब, चाकूची पावती काय कामाची? वापस आणून देणार का?"

"असावी जवळ," हणमंतराव म्हणाले.

त्यांचा स्वभावच तसा होता. भोकर तालुक्यातल्या एका लहान गावातून ते नांदेडला शिकायला आले, बी.कॉम. झाले, आणि विष्णुपुरीच्या एका कॉलेजात भांडार विभागात कारकून म्हणून लागले. एकतीस वर्षं झाली. झाडूपासून प्रयोगशाळेच्या काचसामानापर्यंत जे काही कॉलेजात आलं ते त्यांच्या हाताखालून गेलं. कुठलीही वस्तू घ्यायची तर तीन दरपत्रकं मागवायची, तुलनेचा तक्ता करायचा आणि ज्याचा दर कमी त्याच्या नावापुढे लाल शाईने बरोबरची खूण करायची. ही रीत त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की ऑफिसात त्यांना मागून 'तीन कोटेशन' म्हणत. बायको लक्ष्मीबाई तोंडावर म्हणत, "लग्नाच्या वेळी यांना तीन पोरी दाखवल्या असत्या तर यांनी तक्ता केला असता." हणमंतराव हसत. त्यांना त्यात टोमणा दिसायचा नाही, शाबासकी दिसायची. पुढच्या वर्षी ते निवृत्त होणार होते आणि एकतीस वर्षांत त्यांच्या एकाही खरेदीवर लेखापरीक्षकाने शेरा मारलेला नव्हता.

चाकू हवा होता तो भाच्याच्या लग्नासाठी. थोरली बहीण प्रेमलाअक्का लातूरला दिलेली. तिचा मुलगा अंबरीश, त्याचं लग्न २३ फेब्रुवारीला ठरलं होतं. नवरदेवाला हळद लागली की दृष्ट लागू नये म्हणून त्याच्या हाती लोखंड द्यायचं, टोकाला लिंबू टोचायचं, आणि लग्न लागून देवदर्शन होईपर्यंत ते हातातून सोडायचं नाही, अशी आपल्याकडची चाल. अक्काच्या सासरी तो चाकू मामाने आणायचा आणि लिंबू नवरदेवाने स्वतः, सगळ्यांच्या देखत, एका दमात टोचायचं. अक्काने फोनवर बजावलं होतं.

"हणमंता, मामाचा मान हाय तो. कट्यार आण. लाल मखमलीच्या म्यानाची. तुमच्या नांदेडात काय कमी हायत का?"

गुरुद्वाऱ्याच्या रस्त्याला हणमंतराव जाऊन आलेही. मनासारखी कट्यार साडेसहाशेला होती. ती हातात घेऊन त्यांनी मनातल्या मनात हिशेब मांडला. दोन दिवसांचं काम, मग जन्मभर कपाटात. भांडारात अशा वस्तूला ते पडीक माल म्हणत. त्यापेक्षा घडीचा चाकू बरा. अंबरीश बियाण्यांच्या कंपनीत होता, दिवसभर शेतांतून हिंडायचा. पोत्याची सुतळी कापायला, एखादी शेंग चिरून बघायला, बांधावर काकडी खायला खिशात चाकू असला तर रोज उपयोगी पडेल. लग्नाचंही काम होईल आणि पुढची दहा वर्षंही. विचार वाईट नव्हता. कुणाही समजूतदार माणसाला पटला असता.

म्हणून ते शिवप्पाकडे आले होते. येताना पिशवीत जुनं वर्तमानपत्र, हातभर सुतळी, सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि दोन टमाटे आणले होते. शिवप्पाने तीन चाकू पुढ्यात ठेवले. पहिला पितळी मुठीचा, चारशे वीसचा. पातं उघडलं की पाठीमागे खटका बसायचा आणि तो दाबल्याशिवाय मिटायचं नाही. दुसरा स्टीलचा, तीनशे दहाचा. त्याच्या मुठीच्या आत एक पट्टी होती, ती सरकून पात्याला आडवी व्हायची. तिसरा शिसवी मुठीचा, साधा. नुसती स्प्रिंग, खटका नाही, पट्टी नाही. किंमत एकशे पंच्याऐंशी.

हणमंतरावांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. रकाने घरूनच आखून आणले होते. पात्याची लांबी, वजन, धार, मूठ, गंज, लॉक, किंमत, शेरा. एकेक चाकू उघडून त्यांनी पातं डावीउजवीकडे डुलतं का ते पाहिलं. वर्तमानपत्राची कड हवेत धरून कापली. पितळी चाकूने कागद थोडा फाटला. स्टीलचा बरा चालला. शिसवी मुठीच्या चाकूने कागदाची अशी पट्टी काढली की जणू रेघ मारून कातरली. सुतळी एका ओढीत. ट्यूब दोन ओढींत. टमाट्याची साल तर न दाबता उतरली. वजनालाही तो सगळ्यांत हलका, खिशात आहे की नाही कळू नये इतका.

"साधं लोखंड हाय," शिवप्पा म्हणाला. "पुसून ठेवलं न्हाई तर गंजंल. पर धार पकडतंय. ते स्टेनलेस नुसतं चमकतंय. कुणाला पाहिजे पर?"

"रोजच्या वापराला."

हे खोटं नव्हतं. पण लग्न, हळद, मामाचा मान हे शब्द त्यांनी गिळले. भाच्याच्या लग्नाला एकशे पंच्याऐंशीचा चाकू नेतो आहे, हे दुकानदाराला कळावं असं त्यांना वाटलं नाही.

"रोजच्याला बेस हाय," शिवप्पा म्हणाला. "चिरा, कापा, सोला, कायबी करा. एकच सांगतो. टोचायचं काम याच्यानं करू नका. टोक अडलं की पातं मागं फिरतंय. बोटावर येतंय, साहेब. टोचायचं असंल तर तो पट्टीवाला न्या."

"टोचतो कोण हो!" हणमंतराव म्हणाले आणि हसले.

कोण टोचणार आणि काय टोचणार, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. हाताला टमाट्याचा रस लागलेला, समोर कागद. लिंबू ते काय, मऊ असतं, त्यांनी स्वतःला सांगितलं. तिसऱ्या चाकूच्या ओळीत, 'लॉक'च्या रकान्यात त्यांनी 'नाही' लिहिलं आणि शेऱ्यात 'आवश्यकता नाही' असं लिहून टाकलं. मग कमी दरापुढे बरोबरची खूण केली.

त्यांना कंजूष म्हणावं तर तसंही नव्हतं. याच अंबरीशच्या कॉलेजप्रवेशाच्या वेळी अक्काने न मागता त्यांनी पैसे पाठवले होते. लग्नाला सगळ्या घराला कपडे केले होते. पट्टीवाल्या चाकूचे वरचे सव्वाशे रुपये त्यांना जड नव्हते. कमी दरात चांगली वस्तू शोधून काढली, ही जी एक गुदगुली असते, तिच्यापुढे शिवप्पाचं बोलणं त्यांनी या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार. लातूरला अक्काच्या दारात मांडव. दुपारी अंबरीशला पाटावर बसवलं, पाच जणींनी हळद लावली, मग जो तो हात मारू लागला. पोरगं कोपरापर्यंत पिवळं झालं. निलंग्याहून मुलीकडची माणसं उष्टी हळद न्यायला आली होती. नवरदेवाची उरलेली हळद नवरीला लावायची, म्हणून मुलीचे वडील आणि दोन बायका ताट घेऊन कडेला उभ्या होत्या.

"मामाचा चाकू आणा," सरजाबाईंनी हाक दिली. सरजाबाई म्हणजे अंबरीशच्या वडिलांच्या आत्या. पंचाहत्तरी उलटलेली, पण घरात पान त्यांना विचारल्याशिवाय हलत नसे.

चाकू कुणाच्या हातात द्यायचा नसतो, भांडण होतं म्हणतात. हणमंतरावांनी तो पाटावर ठेवला.

"एवढासा?" अक्का म्हणाली. "म्यान कुठाय?"

"खिशात राहतो, अक्का. रोज कामाला येईल त्याच्या."

"रोजचं रोज बघता आलं असतं की रे."

बायका हसल्या. अंबरीशने चाकू उघडला, मुठीत धरला, दुसऱ्या हातात लिंबू घेतलं. लिंबू हिरवं, कच्चं, दगडासारखं. हात हळदीतेलाने बुळबुळीत. त्याने टोक लावून जोर दिला. साल काही फुटेना. त्याने आणखी जोर दिला, आणि पातं खाडकन मागे फिरून मुठीत बसलं. मध्ये त्याची तर्जनी होती.

आधी कुणाला काही कळलं नाही. मग पिवळ्या हातावरून लाल धार निघाली आणि पाटावर टपटपली. उष्ट्या हळदीची वाटी पाटाशेजारीच होती. तिच्यातही दोन थेंब पडले.

"अगं बाई, हळदीत रक्त!"

कुणी पाणी आणलं, कुणी फडकं. हणमंतरावांनी पुढे होऊन चाकू उचलला, मिटला आणि खिशात टाकला. काय झालं ते मांडवात फक्त त्यांना समजलं होतं. टोक अडलं की पातं मागं फिरतंय. शिवप्पाचा आवाज त्यांना जसाच्या तसा ऐकू आला.

"चाकू कसला आणलास रे हणमंता?" अक्काने विचारलं.

"चाकू चांगला आहे," ते म्हणाले. "हळदीनं हात निसरडा झाला होता."

इथे थांबले असते तरी चाललं असतं. पण सगळे त्यांच्याकडे बघत होते, आणि त्या नजरा दुसरीकडे वळाव्यात म्हणून त्यांच्या तोंडून निघालं, "वेळच तशी होती म्हणायची."

नजरा वळल्या. त्या मुलीच्या वडिलांकडे वळल्या. सरजाबाई त्यांच्या हातातल्या ताटाकडे बघून म्हणाल्या, "पोरगी उंबऱ्यात यायच्या आदी रक्त सांडलं." तो बिचारा माणूस ताट हातात धरून उभा राहिला. न्यावं की ठेवावं त्याला समजेना. शेवटी नवी हळद कालवली आणि अंबरीशच्या अंगाला पुसून ती दिली. तो ती घेऊन, कुणाशी न बोलता, जीपमध्ये जाऊन बसला. धरणीने पोटात घ्यावं असं हणमंतरावांना वाटलं, पण तोंड काही उघडलं नाही.

बोटाला चार टाके पडले. नवरदेवाच्या हाती घरातला जुना अडकित्ता दिला, लिंबू त्याला दोऱ्याने बांधलं. दुसऱ्या दिवशी अंतरपाटाच्या अलीकडे भाच्याच्या मागे मामा म्हणून हणमंतराव उभे होते. अंतरपाट दूर झाला, माळा पडल्या. नवरी देविका, फार्मसी शिकलेली, एका औषधाच्या दुकानात कामाला. तिची नजर आधी बँडेजवर गेली. ती हळूच म्हणाली, "टाके किती? ओलं दिसतंय, बदलायला पाहिजे." हणमंतरावांना ते ऐकू आलं. त्यांनी हातातल्या अक्षता तशाच मुठीत धरल्या.

नांदेडला परतताना बसमध्ये त्यांनी लक्ष्मीबाईंना सगळं सांगितलं.

"सांगून टाका," त्या म्हणाल्या.

"सांगतो की. जरा निवू दे."

निवायला सहा महिने गेले. फोनवर अक्काशी बोलताना दर वेळी ते ठरवत आणि दर वेळी पावसापाण्याचं बोलून फोन ठेवत. मनाची समजूतही घातली, की लोक विसरले असतील. बोट बरं झालं. कोण लक्षात ठेवतं?

९ ऑगस्टला राखी होती आणि दहाला, रविवारी, अंबरीशची बहीण शिल्पा हिचं डोहाळजेवण. म्हणून हणमंतराव एकटेच लातूरला दोन दिवस राहिले. रविवारी दुपारी पुढच्या खोलीत शिल्पाला हिरवी साडी नेसवून, फुलांचे दागिने घालून बसवलं. एकेक सवाशीण उठून ओटी भरू लागली. पाणी प्यायला म्हणून हणमंतराव स्वयंपाकघरात गेले. तिथे देविका ओट्याशी उभी राहून काकड्या चिरत होती. अंगावर चांगली साडी, केसांत गजरा, आणि समोर काकड्यांचा ढीग.

"सूनबाई, ओटी भरायला नाही गेलीस?"

"इकडं काम हाय ना, मामा." तिने मान वर केली नाही.

अक्का मागून ताट घ्यायला आली. हणमंतरावांनी तिला पडवीत गाठलं.

"अक्का, देविकाला का बोलावलं नाही?"

"आत्याबाई नको म्हणतात." अक्काने आवाज उतरवला. "मला का कळंना व्हय? पर पोटुशी पोर हाय, इषाची परीक्षा कोन बघावी? ती घरात आली अन् म्हस मेली. यांची गाडी घसरली. आत्याबाई सारखं हळदीचं काढतात."

"काहीतरीच काय, अक्का! म्हशीचा न तिचा काय संबंध?"

"आता संबंध इचारतोस? तूच म्हनला व्हतास की मांडवात. वेळच तशी व्हती म्हनून. आत्याबाई सगळ्यास्नी सांगतात, हणमंता शिकलेला, हिशेबी माणूस, तो उगंच बोलतंय का?"

पडवीत हणमंतरावांना उभं राहवेना. तोंडातून सुटलेलं एक वाक्य. ते विसरायची वाट बघत होते, आणि इथे सहा महिने ते वाक्य एका पोरीच्या पाठीवर रोज पडत होतं. आणि वर त्याला साक्ष कुणाची, तर त्यांच्याच हिशेबीपणाची.

ते पुढच्या खोलीच्या दारात आले. बायकांच्या कार्यक्रमात पुरुष माणूस असा मध्ये येऊन उभा राहिला, तेव्हा गाणं थांबलं.

"एक सांगायचं होतं," ते म्हणाले. पाणी प्यायचं राहूनच गेलं होतं. "हळदीत जे झालं ते माझ्यामुळं झालं. मी आणलेला चाकू टोचायच्या कामाचा नव्हता. दुकानदारानं तसं सांगितलं होतं. बोटावर येतो म्हणाला होता. तीनशे दहाचा चांगला चाकू समोर होता. मी एकशे पंच्याऐंशीचा घेतला."

"मला ठाऊक होतं," त्यांनी पुन्हा सांगितलं. "वेळबीळ काही नव्हती. मी माझी चूक झाकायला तसं बोललो."

मागच्या ओळीत कुणीतरी फिसकन हसलं. "अगं बाई, सव्वाशे रुपयांत मामानं भाच्याचं बोट कापलं की!" मग दोघीतिघी हसल्या. अंबरीश अंगणात जेवणाची पानं मांडत होता, तो आवाज ऐकून दारात आला होता. तो आपल्या तर्जनीकडे बघत म्हणाला, "मामा, मी तर आजपर्यंत समजून राहिलो की माझाच हात घसरला."

अक्का हसली नाही. "माझ्या लेकाच्या हळदीत सव्वाशे रुपयं वाचवलेस?" ती म्हणाली. "माझ्याकडं मागायचे व्हतेस की. मी टाकले असते." सख्ख्या बहिणीने चारचौघींत हे म्हटलं आणि हणमंतरावांची मान जी खाली गेली ती वर आलीच नाही.

सरजाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चाकू हलका असंल. पर त्याच घडीला कसा मिटला? दुकानात न्हाई मिटला, वाटंत न्हाई मिटला."

"दुकानात मी टोचून बघितलं नाही, आत्या."

"आता काय म्हनायचं," सरजाबाई म्हणाल्या, पण त्यांचं मन बदललेलं दिसलं नाही.

तेव्हा शिल्पाच बोलली. फुलांच्या दागिन्यांनी जड झालेली मान वळवून तिने आत हाक मारली. "वहिनी, काकड्या राहू द्या. या, माझी ओटी भरा."

"शिल्पे..." सरजाबाई म्हणाल्या.

"ओटी माझी हाय, आजी."

देविका हात पुसत आली. तिने नारळ, खण, तांदूळ घेतले, शिल्पाची ओटी भरली, कुंकू लावलं. चार दाणे खाली सांडले. सरजाबाईंनी तोंड फिरवलं होतं. देविकाने हणमंतरावांकडे पाहिलं नाही. ओटी भरून झाल्यावर ती परत आत गेली आणि काकड्या चिरायला लागली. आपण बोललो की सगळं मिटेल, असं हणमंतराव पडवीत उभे असताना धरून चालले होते. तसं काही झालं नाही.

चार वाजता ते निघाले. अक्का दारापर्यंत आली नाही. अंबरीश पंगतीत वाढत होता. पिशवी घेऊन देविका कोपऱ्यापर्यंत आली, कारण पाहुण्याला कुणीतरी पोचवायला हवं.

"मामा, एक विचारू?"

"विचार."

"त्याच दिवशी बोलला असता तर काय झालं असतं?"

हणमंतरावांनी विचार केला. प्रामाणिकपणे केला.

"लोक मला हसले असते."

"एवढंच?"

"एवढंच."

तिने मान हलवली. "माझे बाबा त्या दिवशी घरी जाऊन जेवले न्हाईत," ती म्हणाली. "नवी हळद मला लावली, पण त्यांनी काही सांगितलं न्हाई. मला महिन्यानं कळलं. इथंच कळलं."

"त्यांना फोन करतो मी."

"करा," ती म्हणाली. तिचा विश्वास बसल्यासारखा वाटला नाही.

रिक्षा आली. बसस्थानकापर्यंत चाळीस रुपये. हणमंतरावांच्या पाकिटात पाचशेची एकच नोट होती आणि रिक्षावाल्याकडे ना सुट्टे होते, ना फोनवरून पैसे घ्यायची सोय. मागे गाड्या वाजू लागल्या. देविकाने कमरेची पर्स काढली आणि रिक्षावाल्याच्या हातात दोन विसाच्या नोटा ठेवल्या.

"बसा मामा, गाडी चुकंल."

"फोनवरून पाठवतो लगेच."

"माझा नंबर हाय का तुमच्याकडं?"

नव्हता. रिक्षा निघाली.

निलंग्याला त्यांनी दुसऱ्या दिवशी फोन केला. देविकाच्या वडिलांनी सगळं ऐकून घेतलं, "बरं," म्हणाले आणि फोन ठेवला. देविकाचा नंबर हणमंतरावांनी अजून कुणाकडे मागितलेला नाही. तिचे चाळीस रुपये द्यायचे आहेत.